खोटे बोलणारी सुई

१९३० सालच्या मे महिन्यात इजिप्तमधल्या अबुकीरच्या विमानतळावर एक १७ वर्षांचा मुलगा आपल्या जिप्सी मॉथ विमानाजवळ अडकून पडला होता. त्याचे नाव अस्पी इंजिनिअर. आगाखानांनी जाहीर केलेले ५०० पौंडांचे बक्षीस जिंकायला तो निघाला होता. भारतीय वैमानिकाने इंग्लंड आणि भारत यांच्यातले अंतर, कोणत्याही दिशेने, एकट्याने आणि ठरलेल्या मुदतीत कापायचे, अशी अट होती. अस्पी इंग्लंडहून कराचीकडे येत होता. त्याच बक्षिसासाठी कराचीहून लंडनकडे निघालेले जे. आर. डी. टाटा अबुकीरला उतरले, तेव्हा त्यांना कळले की हा पोरगा स्पार्क प्लगसाठी खोळंबला आहे आणि त्याच्याजवळ सुटे प्लग नाहीत. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. ११ मे रोजी अस्पी कराचीला पोहोचला, त्यानंतर काही तासांनी जेआरडी लंडनला. तिसरे स्पर्धक मनमोहन सिंग यांनी प्रवास पुरा केला होता, पण त्यांची मुदत उलटून गेली होती. बक्षीस अस्पीला मिळाले. १९६० मध्ये तोच मुलगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्यात त्या काळच्या लहान विमानांची नादुरुस्ती कशी असे, तेही दिसते. जिप्सी इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग आणि ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. प्लगवर काजळी किंवा तेल साचले की इंजिन खोकू लागे, फेरे कमी होत, सगळे विमान थरथरे. बिघाड लपून राहत नसे. तो कानाला ऐकू येई आणि बसल्या जागी अंगाला जाणवे. वैमानिक खाली एखादे मैदान शोधी, उतरे, हातात पाना घेई. इंजिन उघडून बसवता येत नाही अशा माणसाने लांबच्या उड्डाणाला निघूच नये, असा तो काळ होता.

मुंबईतल्या जुहू विमानतळाचा इतिहासही याच काळातला. जेआरडी विमान चालवायला शिकले ते मुंबईत, बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ विमान उडवले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल टाकीत ओतून घेतले आणि ते जुहूला उतरले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. विमानात रेडिओ नव्हता. वाटेत दिशा दाखवणारी कोणतीही यंत्रणा जमिनीवर नव्हती. जेआरडींच्या सोबत गॉगल आणि गणिताची सरकपट्टी एवढेच होते. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. तरीही पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, या विमानसेवेने १,६०,००० मैल कापले, १५५ प्रवासी आणि १० टनांहून अधिक टपाल वाहिले. आणि वेळ इतकी काटेकोर पाळली की नागरी विमान खात्याने आपल्या अहवालात तिची मुद्दाम दखल घेतली. सह्याद्रीवर ढग उतरलेले असताना हे काम करणाऱ्यांविषयी आज आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते, हे खटकते.

त्या वैमानिकांचे विमानाशी नाते सरळ होते. काय बिघडले ते समजत असे. लहान विमानांच्या इतिहासातले खरे कठीण प्रकरण सुरू झाले ते पुढे, विमानात वैमानिकाला बाहेरचे जग न पाहता उडता येईल अशी यंत्रे बसू लागली तेव्हा. कारण बंद पडलेले यंत्र वैमानिकाला सावध करते. बिघडूनही चालू राहिलेले, आकडा दाखवत राहिलेले यंत्र त्याला फसवते.

याची चुणूक चार्ल्स लिंडबर्गला मिळाली होती. न्यूयॉर्क ते पॅरिस हे त्याचे १९२७ चे उड्डाण सगळ्यांना माहीत असते. फेब्रुवारी १९२८ मध्ये तेच ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमान घेऊन तो रात्री हवानाहून सेंट लुईसला निघाला, ते उड्डाण फारसे कुणाला आठवत नाही. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीवर त्याची दोन्ही होकायंत्रे एकाच वेळी बिनसली. चुंबकीय होकायंत्राची तबकडी फिरत राहिली. दुसऱ्याची, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून विजेचा संकेत घेणाऱ्या नव्या होकायंत्राची, सुई डावी-उजवीकडे भरकटत राहिली. धुरकट हवेमुळे ताऱ्यांचा आधारही नव्हता. पहाट झाली आणि खालची बेटे पाहून त्याच्या लक्षात आले, की आपण बहामा बेटांवर आहोत, ठरलेल्या मार्गापासून सुमारे ३०० मैल दूर. अटलांटिक ओलांडून पॅरिस अचूक गाठणारा हा माणूस होता. त्याच्याही हातात त्या रात्री उजाडण्याची वाट पाहण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

मे १९३२ मध्ये अमेलिया इअरहार्टने न्यूफाउंडलंडच्या हार्बर ग्रेसहून एकटीने अटलांटिकवर झेप घेतली, तेव्हा तिच्यावर एकामागून एक संकटे कोसळली. पहिल्यांदा उंचीमापक गेला. काटे सैल पडून नुसते हलत राहिले. बारा वर्षांच्या उड्डाणांत असे तिच्या बाबतीत कधी घडले नव्हते. मग धुराड्याच्या नळीचा सांधा तडकला आणि त्यातून ज्वाळा दिसू लागल्या. वर गेली तर पंखांवर बर्फ जमे, इंजिनाचे फेरे मोजणारे यंत्र गोठे. एकदा बर्फाच्या भाराने विमान गिरक्या घेत खाली कोसळले आणि लाटांचा फेस दिसेपर्यंत खाली आले. उंचीची नोंद कागदावर उमटवणाऱ्या यंत्रावर त्या क्षणाची जवळपास उभी रेघ उमटली आहे. खाली राहावे तर उंचीमापकाशिवाय अंधारात समुद्र किती जवळ आहे हे कळत नाही. वर बर्फ, खाली पाणी, आणि मधला पट्टा किती रुंद आहे ते सांगणारे यंत्र मुके. तेवढ्यात पेट्रोल दाखवणाऱ्या नळीतून गळती लागून थेंब तिच्या मानेवर पडू लागले, आणि आधी तडकलेल्या सांध्यातून ज्वाळा येतच होत्या.

तिने पॅरिसचा नाद सोडला आणि सुमारे १५ तासांच्या उड्डाणानंतर उत्तर आयर्लंडमध्ये लंडनडेरीजवळच्या कल्मोर इथे गुरांच्या कुरणात विमान उतरवले. या उड्डाणाचे कौतुक ‘अटलांटिक एकटीने ओलांडणारी पहिली स्त्री’ एवढ्यावर थांबते. खरे तर जाणायचे ते हे, की काय गेले आणि काय अजून शिल्लक आहे याचा हिशेब ती रात्रभर मांडत राहिली आणि प्रत्येक वेळी शिल्लक राहिलेल्या यंत्रांवर उड्डाण चालू ठेवले.

याच्या काही वर्षे आधी अमेरिकेत काही माणसे एका वेगळ्याच प्रश्नामागे लागली होती: ढगात शिरलेला चांगला, अनुभवी वैमानिक विमान धडधाकट असतानाही का कोसळतो? १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर डेव्हिड मायर्स नावाच्या लष्करी डॉक्टरने कॅप्टन विल्यम ऑकरला डोळे झाकून एका गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवले. खुर्ची कोणत्या बाजूला फिरते आहे ते सांग, एवढीच परीक्षा. फिरणे सुरू झाले तेव्हा उत्तर बरोबर आले. खुर्चीची गती एकसारखी झाली तेव्हा ऑकरला वाटले ती थांबली. ती खरोखर मंदावली तेव्हा त्याला वाटले, आपण उलट्या दिशेला फिरतो आहोत. आपल्या अंतर्कर्णातला द्रव गतीतला बदल ओळखतो, गती ओळखत नाही. डोळ्यांना क्षितिज दिसत असते तोवर ही उणीव झाकली जाते. ढगात क्षितिज गेले, की शरीर ठामपणे आणि मनापासून चुकीचे सांगू लागते.

ऑकर गेला आणि परत आला तो एक पेटी घेऊन. आत वळण दाखवणारे जायरोचे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकावर चालणारे, यंत्र आणि ते पाहायला बॅटरी. या वेळी खुर्ची कशीही फिरवली तरी प्रत्येक उत्तर बरोबर. पुढे त्याने कार्ल क्रेन या सहकाऱ्याबरोबर अंधउड्डाणावर पुस्तक लिहिले. ते १९३२ मध्ये निघाले.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी लाँग आयलंडवरच्या मिशेल फील्डवर जिमी डूलिटलने याच कल्पनेचा कळस गाठला. त्याची बसायची जागा वरून पूर्ण झाकलेली होती. पुढच्या जागेवर बेन केल्सी हा दुसरा वैमानिक होता, पण त्याने हात बाहेर दिसतील असे ठेवले होते. डूलिटलने बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, वळवले आणि उतरवले. सुमारे १५ मिनिटांचे हे उड्डाण. स्पेरीचे कृत्रिम क्षितिज, स्पेरीचाच दिशादर्शक जायरो, कोल्समनचा अचूक उंचीमापक आणि रेडिओचा संकेत यांच्या जोरावर ते झाले. आजच्या लहान विमानाच्या फलकावर जी घड्याळे दिसतात त्यांची मांडणी या १५ मिनिटांची वंशज आहे.

पण त्या दिवशी वैमानिकाच्या कामाचे स्वरूप बदलले. आता अंगाच्या जाणिवेवर अविश्वास आणि यंत्रावर विश्वास ठेवायचा, हा पहिला धडा झाला. मग यंत्रच चुकले तर?

या धड्याची दुसरी बाजू समजून घ्यायची, तर फलकामागे थोडे डोकवावे लागते. बहुतेक जुन्या धाटणीच्या लहान विमानांत कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांच्यातले जायरो हवेच्या झोताने फिरतात. सुरुवातीला विमानाच्या बाहेर बसवलेल्या नळीतून हवा खेचली जाई; नंतर इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप आला. वळण दाखवणारे यंत्र मात्र मुद्दाम विजेवर ठेवले गेले. दोघांचे पोट एकाच चुलीवर नको, हा त्यामागचा विचार. वेगमापक, उंचीमापक आणि चढउताराचा वेग दाखवणारे यंत्र या तिघांना जायरो लागत नाही, वीजही लागत नाही. ती बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतात. आणि इंजिन? त्याचे दोन्ही मॅग्नेटो स्वतःच वीज बनवतात. त्यामुळे बॅटरी आणि जनरेटर दोन्ही गेले, दिवे विझले, रेडिओ मेला, तरी इंजिन चालू राहते. उड्डाणाआधी आजही वैमानिक एकदा एक आणि एकदा दुसरा मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते पाहतो. अबुकीरच्या त्या प्लगांचे दिवस या तपासणीत अजून शिल्लक आहेत.

व्हॅक्यूम पंप तुटला, की क्षितिज दाखवणारे यंत्र तत्काळ थांबत नाही. भरात फिरणारा जायरो हळूहळू मंदावतो. काही मिनिटे काटा बरोबर वाटतो, मग क्षितिजाची रेघ किंचित कलते. वैमानिक प्रामाणिकपणे, शिकवल्याप्रमाणे, ती रेघ सरळ करायला विमान दुसऱ्या बाजूला झुकवतो. रेघ आणखी कलते, तो आणखी झुकवतो. त्याचे शरीर त्याला काहीच सांगत नाही. ऑकरच्या खुर्चीत ते सिद्ध झालेच होते. अशा वेळी सुटका एकच: बाकीच्या यंत्रांना साक्षीला बोलवायचे. विजेवरचे वळणयंत्र काय म्हणते, वेग वाढतो आहे का, उंची घटते आहे का, होकायंत्र फिरते आहे का? चार यंत्रे एका बाजूला आणि क्षितिज एकटे दुसऱ्या बाजूला असेल, तर क्षितिजावर कागद चिकटवून ते झाकून टाकायचे. झाकायचे यासाठी, की दोष कळल्यावरही डोळे सवयीने तिकडेच जातात.

हे कळणे आणि करणे यांत किती अंतर आहे, ते १६ ऑक्टोबर २००० च्या रात्री दिसले. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहान सेसना ३३५ या छोट्या दोन इंजिनी विमानातून प्रचारसभेला निघाले होते. विमान त्यांचा मुलगा चालवत होता. पाऊस, ढग, अंधार. त्याने नियंत्रकाला कळवले, की आपल्यासमोरचे कृत्रिम क्षितिज नीट चालत नाही, आणि तो उजव्या बाजूच्या, सहवैमानिकासमोरच्या यंत्राकडे पाहून विमान सांभाळत होता. म्हणजे दोष त्याने ओळखला होता. पण उजवीकडचे यंत्र पाहायला पुनःपुन्हा मान वळवावी लागते, आणि ढगात मान वळवणे म्हणजे अंतर्कर्णाला नव्याने फसायला बोलावणे. विमान कोसळले, आतले तिघेही गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दिशाभ्रमामुळे सुटलेला ताबा हे कारण आणि बिघडलेले क्षितिज व खराब हवामान हे त्याला हातभार लावणारे घटक नोंदवले. ओळख पटवून भागत नाही, ओळखल्यावर हाताडोळ्यांना सवय असावी लागते, हे या अहवालातून स्पष्ट होते.

ती सवय लावता येते, हे मात्र फार आधीच सिद्ध झाले होते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बोनान्झा विमानात बसवून ढगात शिरल्यासारखी परिस्थिती निर्माण केली गेली. विसाच्या विसांचा ताबा सुटला. कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा ४८० सेकंदांत; सरासरी १७८ सेकंद. हा १७८ चा आकडा जगभरच्या फ्लाइंग क्लबांत भीती घालायला वापरला जातो. पण त्या प्रयोगाचा खरा हेतू भीती घालण्याचा नव्हता आणि त्याचा उरलेला अर्धा भाग सांगितला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. याच लोकांना नंतर थोड्या तासांचे शिक्षण दिले गेले: घाबरून हँडल ओढू नका, विमान आधी स्थिर करा, वळणयंत्राकडे पाहत सावकाश उलटे फिरा आणि आलात त्या मोकळ्या हवेत परत जा. शिक्षणानंतर जवळपास प्रत्येक वेळी ते सुखरूप फिरले.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची लबाडी आणखी वेगळी. वेगमापकाची नळी पंखाखाली समोर तोंड करून असते. कुंभारीण माशीला असली भोके फार आवडतात. मातीचे घर करायला तिला एक रात्र पुरते. नळी पूर्ण बुजली तर वेगमापक उंचीमापकासारखा वागू लागतो. वर चढत गेलात की तो वेग वाढल्याचे दाखवतो. घाबरलेला वैमानिक वेग कमी करायला नाक आणखी वर करतो आणि विमान पंखांवर तोलून धरण्याइतकाही वेग उरत नाही. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेले एक मोठे बोइंग विमान याच प्रकारच्या बिघाडात १८९ जणांसह समुद्रात गेले. नळीत माशीचे घर असावे, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. मोठ्या विमानाला जे झेपले नाही, त्यासाठी लहान विमानाच्या वैमानिकाला साधा नियम शिकवला जातो: इंजिनाचे फेरे ठराविक, नाक ठराविक कोनात, तर वेगही ठराविकच असणार, काटा काहीही म्हणो. आणि उंचीमापकाची हवेची वाट बुजली, दुसरी वाट विमानात दिलेली नसली, तर चढउतार दाखवणाऱ्या यंत्राची काच फोडायची. आतली हवा त्या फटीतून शिरते आणि उंचीमापक पुन्हा जिवंत होतो. एक यंत्र मारून दुसरे वाचवण्याचा हा उपाय जुन्या वैमानिकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आहे.

रेडिओ बंद पडणे हा त्यामानाने सोपा प्रसंग. रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपाँडर या यंत्रावर ७६०० हा आकडा लावला की रडारवरच्या माणसाला कळते. टॉवरवरून दिव्याने खुणा होतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरणे धोक्याचे.

फसव्या सुईची सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत विलक्षण रात्र मात्र पॅसिफिकवर उगवली, २२ डिसेंबर १९७८ रोजी. अमेरिकी नौदलात पूर्वी वैमानिक असलेला जे प्रॉकनाउ हा सेसना १८८ हे शेतात औषध फवारण्याचे विमान अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला पोहोचवायला निघाला होता. एक इंजिन, एक खुर्ची. असेच दुसरे विमान घेऊन निघालेला त्याचा सोबती अमेरिकन सामोआतल्या पागो पागोवरून उडतानाच कोसळला, सुदैवाने बचावला. प्रॉकनाउ एकटाच नॉरफोक बेटाकडे निघाला. अथांग समुद्रात काही मैलांचा तो ठिपका. तिथवर नेणारे एकच यंत्र त्याच्याकडे होते: जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे सुई वळवणारे दिशादर्शक. वेळ झाली, सुई सांगत होती त्या जागी तो पोहोचला, आणि खाली बेट नव्हते.

तो लगेच घाबरला नाही. पेट्रोल भरपूर होते. त्याने आजूबाजूच्या इतर बेटांची केंद्रे लावून पाहिली. सुया जुळेनात. तेव्हा त्याला उमगले, की यंत्र बंद पडलेले नाही, ते खोटे सांगते आहे, आणि कधीपासून सांगते आहे हे कळायला मार्ग नाही. त्याने ऑकलंडला संकट कळवले.

त्या टापूत मदतीला येऊ शकेल असे एकच विमान होते: फिजीहून ऑकलंडला जाणारे एअर न्यूझीलंडचे डीसी-१०, आत ८८ प्रवासी. कॅप्टन गॉर्डन व्हेट यांच्याकडे जुना नॅव्हिगेटरचा परवाना होता. योगायोगाने प्रवाशांत माल्कम फोरसिथ हे दुसरे नॅव्हिगेटर होते, ते आपणहून पुढे आले. डीसी-१० ला स्वतःची जागा नक्की ठाऊक होती. सेसना कुठे आहे ते शोधायला रडारचा उपयोग नव्हता. मग या लोकांनी काय केले? त्यांनी सूर्य वापरला.

व्हेट यांनी प्रॉकनाउला सांगितले, मावळत्या सूर्याकडे विमानाचे नाक कर आणि होकायंत्राचा आकडा वाच. स्वतःही तेच केले. मग म्हणाले, हात समोर ताणून धर आणि क्षितिज व सूर्य यांच्यात किती बोटे बसतात ते सांग. प्रॉकनाउची चार बोटे बसली, डीसी-१० मध्ये दोन. ताणलेल्या हाताचे एक बोट म्हणजे साधारण दोन अंश. सेसनातून सूर्य जास्त वर दिसत होता, म्हणजे ती डीसी-१० च्या पश्चिमेला, सूर्याच्या जवळच्या बाजूला होती. त्या दिशेने गेल्यावर थोड्या वेळाने दोन विमानांत थेट रेडिओ संपर्क झाला. असा संपर्क ठराविक पल्ल्यातच होतो. आवाज विरतो तिथे पल्ल्याची कड, तिथून वळायचे, पुन्हा विरेपर्यंत जायचे, अशा कडा जोडत वर्तुळाचा मध्य काढायचा, हे जुने तंत्रही वापरले. मग सूर्यास्ताची वेळ. सेसनातून सूर्य नेमका केव्हा बुडाला, आणि नॉरफोक बेटावर केव्हा, हे ताडून पाहिले. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. बेटापेक्षा बराच आधी त्याचा सूर्य मावळला, त्यावरून तो बेटाच्या किती पूर्वेला आहे याचा अंदाज आला.

अंधार पडला. पेट्रोल आटत चालले होते. अखेर प्रॉकनाउला पाण्यावर दिवे दिसले: ओढून नेला जात असलेला तेलविहिरीचा एक तराफा, पेनरॉड. त्याची जागा नक्की झाली, डीसी-१० तिथे पोहोचले आणि पुढचा रस्ता दिसला. २३ तासांहून अधिक काळ हवेत राहून प्रॉकनाउ नॉरफोकवर उतरला. याच गॉर्डन व्हेट यांनी पुढच्याच वर्षी अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर कोसळलेल्या डीसी-१० चे कोडे उलगडण्यासाठी चिकाटीने झुंज दिली आणि त्यावर पुस्तक लिहिले. तिथेही प्रश्न हाच होता: डोळ्यांना दिसणारे आणि प्रत्यक्षातले यांच्यात फारकत कशी पडली.

गेल्या दोन दशकांत लहान विमानांच्या फलकावरून गोल घड्याळे जाऊन पडदे आले आहेत. ते सुबक आहेत, नकाशा दाखवतात, बिघडलेल्या भागावर लाल फुली मारून स्वतःचा दोष कबूलही करतात. एवढे असूनही अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये केलेल्या अभ्यासात पडदेवाल्या लहान विमानांची सुरक्षितता एकंदरीत सुधारलेली दिसली नाही. उलट प्राणघातक अपघातांचे प्रमाण त्यांच्यात जास्त आढळले. मंडळाने नोंदवलेले एक कारण विचार करायला लावणारे आहे. जुन्या फलकावर प्रशिक्षक एखादे घड्याळ रबराच्या झाकणाने झाकत असे आणि विद्यार्थ्याला उरलेल्यांवर उडायला लावत असे. पडद्यावर निम्मी माहिती चुकीची आहे असा प्रसंग हवेत उभा करता येत नाही. तो सिम्युलेटरवरच शिकवावा लागतो, आणि त्यासाठी त्या-त्या विमानाचे नेमके सिम्युलेटर लागते. मंडळाने अशा शिक्षणाची शिफारस केली.

धुळे, बारामतीसारख्या ठिकाणी आज मराठी मुले-मुली लहान विमाने चालवायला शिकत आहेत. परवान्यासाठी लागणारे तास भरणे महाग असते, घरच्यांनी कर्ज काढलेले असते, आणि यंत्र झाकून उडण्याचा सराव तास भरण्याच्या घाईत पहिल्यांदा मागे पडतो. तो मागे पडू देऊ नये. प्रशिक्षकाने आपणहून झाकले नाही, तर विद्यार्थ्याने मागून घ्यावे: आज क्षितिज झाका, उद्या वेगमापक झाका, परवा पडदा विझवा आणि मला घरी येऊ द्या.